धडधड, थरथर, ताण आणि डगमग

बहुतेक प्राथमिक शाळांच्या क्रीडादिनात पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ठरलेल्या शर्यती असतात. लिंबू-चमचा, बेडूकउडी, पोत्यातली शर्यत, तीन पायांची शर्यत आणि पन्नास मीटर धावणं. नीट पाहिलं तर प्रत्येकीत शरीराचं काम वेगळं आहे. लिंबू-चमच्यात तोल आणि हाताची स्थिरता लागते. बेडूकउडीत मांड्यांची ताकद लागते. तीन पायांच्या शर्यतीत जोडीदाराच्या पावलाशी आपलं पाऊल जुळवावं लागतं. पण निकाल मात्र सगळ्यांचा एकाच मापाने लागतो: फक्कीची रेघ आधी कोणी ओलांडली. ज्या मुलीचं लिंबू एकदाही पडलं नाही, पण जी सावकाश चालत आली, तिच्या नावावर काहीच लागत नाही. तोल पाहण्यासाठी कुणीतरी विचारपूर्वक शोधलेला खेळ आपण वेगाच्या हवाली करून टाकतो.

सहा वर्षांच्या मुलाला यातून मिळणारा धडा अगदी स्पष्ट असतो. फिट म्हणजे जोरात पळणारा. असे वर्गात तिघं-चौघं असतात, आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझं म्हणणं असं आहे की शरीराच्या क्षमता अनेक आहेत, हे मुलाला सात-आठ वर्षांच्या आत कळलं पाहिजे, आणि तेही पुस्तकातून नव्हे, त्याच्या स्वतःच्या अंगातून. दम वेगळा, ताकद वेगळी, लवचीकपणा वेगळा, तोल वेगळा. वेग, चपळाई, नेम याही स्वतंत्र गोष्टी आहेत, पण सुरुवातीला पहिल्या चार पुरेत.

सात-आठ वर्षांचीच घाई का? कारण त्या वयापर्यंत मूल प्रयत्न आणि कुवत यांत फारसा भेद करत नाही. जो झटतो तो चांगलाच, असं त्याला मनापासून वाटतं. स्वतःच्या शरीराबद्दलचा त्याचा अंदाजही भलता उदार असतो. धडपडत धावणारं मूलही ‘मी खूप फास्ट पळतो’ असं ठामपणे सांगतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते शेजारच्याशी स्वतःची तुलना करू लागतं आणि हा उदारपणा ओसरतो. तोवर त्याच्यापुढे एकच माप ठेवलं असेल, तर त्या मापात मागे राहिलेलं मूल ‘मला खेळ जमत नाही’ असा निवाडा स्वतःच देऊन मोकळं होतं. मग ते मैदान टाळतं, टाळल्यामुळे कौशल्य मागे पडतं, आणि मागे पडल्यामुळे आणखी टाळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या ११ ते १७ वयोगटातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलामुलींची हालचाल पुरेशी होत नाही. मोबाईल, शिकवण्या, गाड्यांनी भरलेले रस्ते ही कारणं खरीच आहेत. पण मैदानावर लवकर झालेला हा निवाडाही त्यांतलं एक कारण आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

यावर घरातली वडीलधारी माणसं म्हणतील, ‘आम्हाला कुणी शिकवलं होतं? पोरांना खेळू द्या, आपोआप सगळं होतं.’ त्यांच्या काळापुरतं हे अगदी बरोबर होतं. त्यांच्या खेळांत सगळ्या क्षमता आपसूक वाटून दिलेल्या होत्या. सूरपारंब्यांत वडाच्या पारंबीला धरून वर चढायचं, फांदीला लोंबकळायचं, राज्य घेणारा दूर गेला की खाली उडी टाकायची. म्हणजे पकड, खांदे आणि उडी झेलणारे गुडघे, सगळ्यांनाच काम. हुतूतूत एका श्वासात शब्द न तोडता समोरच्या अंगणात जाऊन यायचं. आट्यापाट्यांत क्षणात दिशा बदलून हुलकावणी द्यायची. विटीदांडूत डोळा आणि हात एकत्र चालायचे. लंगडी तर मला सगळ्यांत हुशार खेळ वाटतो. एकाच पायावर शरीराचं सगळं वजन पेलत, दर उडीला तोल सावरत, समोरच्याला गाठायचं. तोल, मांडीची ताकद आणि दम या तिन्हींची परीक्षा एका खेळात होते, आणि त्याला साहित्य लागतं फक्त एक आखलेला चौकोन.

खो-खोचंच घ्या. बसलेले आठ खेळाडू आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून असतात. पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आला की बसल्या जागेवरून एका झटक्यात उठून धावायचं, आणि एकदा घेतलेली दिशा बदलायची नाही. पाठलागाच्या इतर खेळांत मागे वळता येतं, इथे नाही. त्यामुळे धावायच्या आधी विचार करावा लागतो. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांत बसवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला त्याचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. याचा अभिमान वाटतोच. पण ज्या वस्त्यांमध्ये हा खेळ वाढला, तिथल्या किती प्राथमिक शाळांत आज पाट्या आखायला जागा आहे?

अंगण गेलं, वड गेला, रिकामा रस्ता गेला. त्यांच्या जागी आला ‘क्लास’. सहाव्या वर्षी स्केटिंग, सातव्या वर्षी क्रिकेटची अकादमी. यांत वाईट काही नाही, पण क्लास एकच गोष्ट शिकवतो आणि आई-वडिलांना वाटतं, व्यायामाचा प्रश्न मिटला. क्रिकेटच्या सरावात लहान मूल बराच वेळ आपली पाळी येण्याची वाट पाहत उभं असतं. नेम सुधारतो, दम तिथेच राहतो. जे पूर्वी आपोआप व्हायचं ते आता जाणूनबुजून करावं लागणार, आणि जाणूनबुजून करायचं तर आधी काय काय हवं ते ओळखावं लागेल.

या बदलात सर्वांत जास्त काय हरवलं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, ओढण्याची ताकद. स्वतःचं वजन हातांनी वर खेचणं, लोंबकळणं, चढणं. शहरातल्या मुलाच्या दिवसात त्याला कुठेही वाव नाही. त्याला शाळेत चढायला जिना असतो, घरी लिफ्ट असते, आणि झाडावर चढलं तर सोसायटीचा वॉचमन ओरडतो. आपल्या परंपरेला या क्षमतेची किंमत चांगली ठाऊक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं असं मानतात. कुस्तीगिराच्या पूरक व्यायामातून वाढलेला हा प्रकार म्हणजे एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर हात, मांड्या आणि पोट यांच्या बळावर स्वतःला पेलणं. दादरच्या शिवाजी पार्कातल्या समर्थ व्यायाम मंदिरात आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब निष्ठेने जपला गेला, म्हणून तो आज जगापुढे उभा आहे. प्रत्येक शाळेत मल्लखांब पुरता येणार नाही. पण लहान मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर एक आडवा बार आणि त्याखाली वाळूचा हौद एवढं तर कुठेही होऊ शकतं.

सूर्यनमस्काराबद्दल इथे थोडं सविस्तर लिहायला हवं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेले आणि १९२८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. गरीब संस्थानातल्या मुलांना साहित्याशिवाय, पैशाशिवाय व्यायाम मिळावा ही त्यांची दृष्टी आजही आदर वाटावी अशी आहे. पाठीचा कणा पुढेमागे वाकतो, दंड शरीराचं वजन ढकलतात, आणि नमस्कार भरभर घातले तर छातीही धडधडू लागते. पण ‘सूर्यनमस्कार घातले की सर्वांगाला व्यायाम झाला’ हे जे आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो, ते मुलांच्या बाबतीत पुरतं खरं नाही. त्यात ढकलणं आहे, ओढणं नाही. उडी मारून जमिनीवर उतरणं नाही, आणि वाढत्या हाडांना तोच धक्का हवा असतो. वयात येतानाच्या वाढीच्या दोनेक वर्षांत प्रौढ माणसाच्या हाडांच्या वस्तुमानापैकी जवळपास पाव हिस्सा साठतो. त्या काळात उड्या मारायच्या तर उडी मारण्याची सवय आणि धीर आधीच अंगात हवा. सूर्यनमस्कार ठेवावेतच, मात्र त्यांच्या भरवशावर बाकीचं सोडून देऊ नये.

ताकदीचा विषय निघाला की एक भीती हमखास पुढे येते: लहानपणी जोर-बैठका काढल्या, वजन उचललं, तर उंची खुंटते. ही समजूत शिकलेल्या घरांतही घट्ट आहे. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी या विषयावरचे अभ्यास तपासले आहेत. जाणकाराच्या देखरेखीखाली, रीत शिकून, वयाला झेपेल अशा बेताने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ खुंटते, असं त्यांत आढळलेलं नाही. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मुख्यतः स्नायू फुगल्यामुळे वाढत नाही. असलेले स्नायू एकजुटीने कामाला लावायला मज्जासंस्था शिकते, म्हणून वाढते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणाऱ्या हालचाली सांगते. या दुसऱ्या भागाकडे आपल्याकडे साफ दुर्लक्ष होतं.

हे सगळं सहा वर्षांच्या मुलाला शिकवायचं कसं? व्याख्या सांगून नक्कीच नाही. ‘हृदय-श्वसन सहनशक्ती’ हा शब्द पाठ केलेल्या मुलाला काहीच कळलेलं नसतं. पण शरीर स्वतःच प्रत्येक क्षमतेची वेगळी खूण देतं, आणि त्या खुणांसाठी मराठी मुलाजवळ शब्द आधीपासून आहेत. धडधड, थरथर, ताण आणि डगमग.

पटांगणाला एक फेरी पळून आल्यावर मुलांना छातीवर तळहात ठेवायला सांगावं. ती धडधड म्हणजे दमाचं काम. स्वतःची मूठ वळून पाहायला सांगितलं तर आपलं हृदय साधारण केवढं, तेही कळतं. मग दुसरी फेरी, पण या वेळी शेजारच्याशी गप्पा मारत. बोलताच येईना इतकं जोरात पळालं तर लगेच थांबावं लागतं, बोलता येईल इतक्या बेताने पळालं तर खूप वेळ पळता येतं. वेग आणि दम यांतला फरक या एका खेळातून समजतो, आणि शर्यतीत नेहमी मागे राहणाऱ्या एखाद्या मुलीच्या लक्षात येतं की थांबावं न लागता सर्वांत जास्त वेळ पळणारी तीच आहे.

नंतर भिंतीला पाठ टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. थोड्याच वेळात मांड्या थरथरू लागतात. मुलं हसतात, काही घाबरतात. इथे शिक्षकांनी एक वाक्य आवर्जून सांगायला हवं: पाय थरथरतात ते कमजोर आहेत म्हणून नव्हे, ते काम करताहेत म्हणून. हे वाक्य ज्याला लहानपणी मिळालं, तो पुढे कष्टाच्या पहिल्या खुणेला घाबरून मागे फिरत नाही. इथे छाती फारशी धडधडत नाही, हेही मुलांना तपासायला लावावं. दोन वेगळ्या क्षमता आहेत, याचा पुरावा त्यांच्याच तळहाताखाली मिळतो.

ताणाचा मामला जरा जपून हाताळण्याचा आहे. या वयाची मुलं मुळातच लवचीक असतात. त्यांचा लवचीकपणा वाढवण्यापेक्षा टिकवणं जास्त गरजेचं. त्यासाठी मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून खेळणं, जमिनीवरून हात न टेकता उठणं एवढंही खूप काम करतं. खुर्ची, सोफा आणि कमोड यांमुळे ते नकळत सुटत चाललं आहे. मोबाईलवर दाखवण्यासाठी चिमुरड्यांचे पाय खेचून फाकवणारे मोठे लोक पाहिले की मला फार वाईट वाटतं. ताण गोड लागेपर्यंतच द्यायचा आणि दुखलं की थांबायचं, हा नियम मुलाला स्वतः पाळता आला पाहिजे, मोठ्यांनी खेचलं तरी ‘नको’ म्हणता आलं पाहिजे.

आणि डगमग. एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून. डोळे मिटताच बहुतेक सगळी मुलं कलंडतात आणि वर्गात एकच गोंधळ होतो. तोल सांभाळायला डोळे किती मदत करतात, कानाच्या आत तोलाचं एक इंद्रिय आहे, घोट्याचे लहान स्नायू क्षणोक्षणी दुरुस्त्या करत असतात, हे सगळं सांगायला याहून चांगली वेळ नाही. न हलणं म्हणजे तोल, असं मुलांना वाटतं. डगमगून सावरणं म्हणजे तोल, हे त्यांना तिथे कळतं.

या चार प्रकारांत वर्गातला क्रम दर वेळी बदलतो. पळण्यात पहिला आलेला मुलगा तोलात मधेच कुठेतरी असतो, आणि बारला सर्वांत जास्त वेळ लोंबकळणारी मुलगी कदाचित पळण्यात शेवटची असते. क्रम बदलतो हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, हाच माझ्या मते या शिक्षणाचा गाभा आहे. कुणी म्हणेल, ही सगळ्यांना खूश ठेवण्याची युक्ती झाली. तसं नाही. क्षमता खरोखरच वेगळ्या आहेत आणि एकीची भरपाई दुसरीने होत नाही. लांब पळणाऱ्याला बारवर स्वतःला खेचता येईलच असं नाही. बलदंड पैलवानाला जमिनीवर पाय पसरून अंगठे धरता येतीलच असंही नाही. म्हणून तोल उत्तम असलेल्या मुलाला ‘तुझा दम कमी आहे, त्यावर काम करू’ हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायचं. चार गोष्टी वेगळ्या कळल्या की उणीव नेमकी दिसते. आणि नेमकी उणीव मुलाला झेपते, ‘तू फिट नाहीस’ हा शिक्का झेपत नाही.

एक शिक्का वजनाचाही असतो. जाड मूल अनफिट आणि किडकिडीत मूल ‘काटक’, अशी आपली ढोबळ वाटणी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आजूबाजूच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याने या वाटणीला मोठा धक्का दिला. आपली बाळं जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी टिकून असते आणि स्नायू कमी असतात. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचाच दाखला दिला. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावरून आणि डोळ्यांनी पाहून शरीराची पारख होत नाही, हे याहून सोप्या रीतीने कसं सांगणार? बारीक मुलाच्या आईनेही दम आणि ताकद यांची चौकशी करायला हवी.

आता मोजण्याबद्दल. ‘खेलो इंडिया’च्या शालेय तपासणीत ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी उंची-वजनाखेरीज दोनच कसोट्या ठेवल्या आहेत. अरुंद पट्टीवर एका पायाने एक मिनिट तोल सांभाळणं, आणि दोन चकत्यांवर एका हाताने आलटून पालटून भराभर टपल्या मारणं. धावणं, पोटाचे व्यायाम, लवचीकपणा हे नवव्या वर्षापासून पुढे. ही निवड मला समंजस वाटते, कारण या वयात हालचालीवरचा ताबा आधी पाहायला हवा. भीती आहे ती त्या आकड्यांचं शाळा काय करतील याची. अमेरिकेत १९६६ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं जे पारितोषिक शाळांत दिलं जाई, त्यासाठी मुलाला प्रत्येक कसोटीत वरच्या पंधरा टक्क्यांत यावं लागे. भर वर्गासमोर बारला लटकून वर जाता न आलेल्या कित्येकांच्या मनात ती कसोटी मोठेपणीही लाज म्हणूनच उरली. २०१२ नंतर ती बाजूला ठेवून आरोग्याच्या निकषांवरची पद्धत आणली गेली. २०२५ मध्ये जुनी कसोटी परत आणण्याचा आदेश निघाला आहे. आपण त्या वाटेने जायचं कारण नाही. मुलाचा जूनमधला आकडा आणि त्याचाच जानेवारीतला आकडा, एवढीच तुलना प्रगतिपुस्तकात असावी. वर्गातला क्रमांक तिथे नकोच.

मुलींबद्दल वेगळं काही शिकवायचं नाही, हेच सांगायचं आहे. वयात येण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांच्या ताकदीत फारसा फरक नसतो. तरी बार मुलांना आणि दोरीच्या उड्या मुलींना, अशी वाटणी पहिलीपासून होते. फुगडीत एकमेकींचे हात घट्ट धरून मागे झुकून गरगर फिरणाऱ्या बायकांची पकड, तोल आणि दम पाहा. मंगळागौरीच्या खेळांत हे सारं होतंच. अपंग मुलांनाही आपण मैदानाच्या कडेला बसवून ठेवतो, कारण एकच माप धरलं की त्यांना जागाच उरत नाही. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली पोहून पॅरालिंपिकचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्या हातांत आणि छातीत किती बळ होतं, हे धावण्याच्या शर्यतीने कधीच सांगितलं नसतं.

राहिला प्रश्न हे शिकवणार कोण. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. ज्या वयात तोल बसतो, उडी जमते, आणि मूल स्वतःच्या शरीराबद्दलचं मत बनवतं, नेमकं तेच वय कायद्याने वर्गशिक्षकांवर सोडलं आहे. भाषा-गणित, पोषण आहार आणि माहितीचे तक्ते सांभाळणाऱ्या बाईंना आणि गुरुजींना दोष देण्यात काही अर्थ नाही. त्यांना डीएलएडच्या प्रशिक्षणात या चार क्षमता हातापायांनी शिकवल्या गेल्या पाहिजेत, आणि परिशिष्टातली ती तरतूद पहिलीपर्यंत खाली आणली पाहिजे. महापालिकांनीही बागांत मोठ्यांसाठी लोखंडी व्यायामयंत्रं बसवताना शेजारी लहानांच्या उंचीचा एक बार बसवावा.

आणि यातलं काही होईपर्यंत पालकसभेत मार्कांच्या चौकशीनंतर एक प्रश्न उरलेला असतो, तो विचारायला सुरुवात करता येईल: या आठवड्यात माझ्या मुलीची छाती कधी धडधडली, आणि तिच्या हातांनी तिचं स्वतःचं वजन कधी पेललं?